डबा, तार आणि उसनी चाल : सातारा–सांगली परिसरातील एका गरीब वाद्यकुलाचा विचार

मराठी भाषेने वाद्यांना वाक्प्रचारांत जे स्थान दिले आहे, त्यावरून समाजाने त्या वाद्यांची केलेली प्रतवारी सहज ध्यानात येते. डंका पिटला जातो, नौबत झडते, वीणा झंकारते. परंतु एखादा मनुष्य तोच तो मुद्दा पुनःपुन्हा मांडू लागला की तो ‘आपलेच तुणतुणे वाजवतो’ असे म्हणतात. एकच स्वर, एकच तार आणि तीही एखाद्या डब्यावर ताणलेली, यापलीकडे या वाद्यात काही नाही, अशी सामान्य समजूत या वाक्प्रचारात गृहीत धरलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तुणतुणे, त्याच्या जातीची इतर डबावाद्ये आणि त्यांच्या साथीने गायिली जाणारी, दुसऱ्याच्या चालीवर बेतलेली गाणी हा आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे, आणि तो तपासल्यावाचून महाराष्ट्रातील, विशेषतः कृष्णाकाठच्या, गायनपरंपरेचा एक मोठा भाग अनाकलनीय राहतो, हे दाखविणे हा त्याचा हेतू होय.

१. प्रश्नाचे स्वरूप

घरच्या घरी, हाताशी असलेल्या डब्यावर तार चढवून वाद्य करण्याची प्रथा जगाच्या अनेक भागांत आढळते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिरुटांच्या रिकाम्या लाकडी पेट्यांपासून सारंगीवजा व गिटारवजा वाद्ये बनविली जात. डॅनिअल बिअर्ड या लेखकाने १८८० नंतरच्या दशकात अशा वाद्याची कृती मुलांसाठी प्रसिद्धही केली. इंग्लंडमध्ये १९५५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘स्किफल’ नावाच्या गायनप्रकाराची लाट आली, तेव्हा हजारो तरुणांनी चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी बांधून खर्जाचे वाद्य केले आणि त्यावर अमेरिकेतील जुनी लोकगीते आपल्या गळ्यातून गायिली. लॉनी डोनेगन या गायकाची जी ध्वनिमुद्रिका या लाटेस कारण झाली, तीही दुसऱ्याच्याच गाण्याची पुनरावृत्ती होती. लिव्हरपूलमधील ज्या शाळकरी संचातून पुढे बीटल्स हा जगप्रसिद्ध संच निर्माण झाला, त्याचाही आरंभ अशाच खोक्याने झाला.

या उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. जेथे वाद्य घरी केलेले असते, तेथे गाणे बहुधा उसने घेतलेले असते. हे केवळ योगायोगाने घडते, की वाद्याच्या घडणीतच त्याचे कारण आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत त्याचे उत्तर शोधणे विशेष सोयीचे ठरते. कारण येथे एकाच प्रदेशात वाद्यनिर्मितीची दोन टोके शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

त्यांतील एक टोक मिरजेचे. शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी १८५० च्या सुमारास तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने ही कला तेथे रुजली. पंढरपूर–मंगळवेढे भागातील मोठे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात यांतून घडणारा मिरजेचा तंबोरा देशभर गवयांच्या पाठीशी उभा राहिला. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या दीर्घ वास्तव्याने त्या गावाचा सुरांशी असलेला संबंध अधिकच दृढ झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ही या परंपरेची यथोचित कदर होय.

दुसरे टोक तुणतुण्याचे. ते कोणत्याही पेठेत घडत नाही. त्याला घराणे नाही, मानांकन नाही. गोंधळी, शाहीर आणि तमाशातील झीलकरी यांनी ते स्वतः केले किंवा गावच्या सुताराकडून करवून घेतले. मिरजेपासून काही कोसांवर असलेल्या खेड्यांत ज्या गाण्यांनी लोकमत घडविले, ती मात्र तंबोऱ्यावर नव्हे, तर या वाद्यावर गायिली गेली.

२. वाद्याची घडण

तुणतुण्याचे अंग म्हणजे एक पोकळ नळकांडे. ते लाकडाचे असते, पितळेचे असते, आणि साधनांच्या अभावी पत्र्याच्या डब्याचेही असते. त्याचे वरचे तोंड उघडे राहते. खालच्या तोंडावर चामडे मढविलेले असते. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगास एक दांडी उभी ठोकून बसवितात. ती डब्याच्या वर पुष्कळ उंच जाते व तिच्या टोकाशी एक खुंटी असते. चामड्याच्या मध्यभागी छिद्र पाडून त्यातून तार ओवतात आणि ती निसटू नये म्हणून खालच्या बाजूस तिला कठीण चकतीचा आधार देतात. ही तार डब्याच्या पोकळीतून सरळ वर येऊन खुंटीला गुंडाळली जाते. वादक डबा डाव्या हाताने धरून उजव्या हातातील बारीक काडीने तार छेडतो. खुंटी पिळून तार गायकाच्या षड्जाशी मिळवून घेतली की जुळवणी संपली.

याच कुळातील दुसरे वाद्य चौंडके. यल्लम्माच्या भक्तिपरंपरेतील जोगत्या व जोगतिणी ते वाजवितात. सांगली, कोल्हापूर आणि त्यालगतच्या सीमाभागात त्याचा परिचय सर्वांस आहे. त्याला दांडी नसते. डबा काखेत दाबून तारेचे मोकळे टोक वादक डाव्या हातात धरतो व कमीअधिक ओढतो. त्यामुळे छेडता छेडताच स्वर चढतो व उतरतो. तुणतुण्याचा ताण स्थिर, तर चौंडक्याचा ताण हाताच्या स्वाधीन, एवढाच या दोहोंतील मूलभूत फरक आहे.

या वाद्यांचे वर्गीकरण हा वाद्यशास्त्रातील एक वादाचा विषय ठरला आहे. हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ साली जी वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली, तीत बंगालमधील गोपीयंत्र व आनंदलहरी यांना ‘छेडले जाणारे ढोल’ असे मानून अवनद्ध वाद्यांत घातले. तारेचे कंप चामड्याकडे पोचतात आणि चामडेच बोलते, असा त्यांचा विचार होता. पुढे १९८१ साली लॉरेन्स पिकेन यांनी यावर आक्षेप घेतला. स्वर ठरविते ती तार; चामडे केवळ तो स्वर मोठा करते; म्हणून ही वाद्ये तंतुवाद्येच होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. तुणतुणे गायकाच्या स्वराशी तार पिळूनच मिळवावे लागते, चामडे आवळून नव्हे, ही व्यवहारातील गोष्ट पिकेन यांच्या मतास पोषक आहे.

३. नादाची उपपत्ती

ताणलेल्या तारेची कंप्रता तीन गोष्टींवर अवलंबून असते. ती लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात, आणि तारेच्या दर एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. एक उदाहरण घेऊ. पोलादी तारेचा व्यास ०.३ मिलिमीटर आणि कंप पावणारी लांबी ६० सेंटिमीटर आहे असे मानले, तर सेकंदास २२० कंपने मिळण्यासाठी सुमारे ३९ न्यूटन, म्हणजे जवळजवळ चार किलोग्रॅम वजनाइतका ताण लागतो. तोच स्वर एका शुद्ध ऋषभाने चढवावयाचा, म्हणजे कंप्रता आठास नऊ या प्रमाणात वाढवावयाची, तर ताण सुमारे ४९ न्यूटन, म्हणजे पाच किलोग्रॅम वजनाइतका करावा लागतो. हा सर्व भार चामड्याच्या मध्यावर पडतो. दमट हवेत चामडे सैलावते, तार उतरते आणि खुंटीला पुन्हा हात घालावा लागतो.

आता या वाद्याचा विशेष पाहावयाचा. सतारीत किंवा गिटारीत तार घोडीवरून जाते व तबलीला जवळजवळ समांतर असते. तार आडवी हलली की घोडी त्याच कंप्रतेने तबलीस ढकलते. तुणतुण्यात तार चामड्याला लंब असते. ती आडवी हलते तेव्हा चामड्याला वरखाली ढकलण्याचे काम तिच्या आडव्या हालचालीने फारसे साधत नाही. ते साधते तिच्या ताणातील चढउताराने. तार मध्यस्थितीत असताना तिची लांबी सर्वांत कमी असते आणि डावीकडच्या किंवा उजवीकडच्या टोकास गेली असता किंचित वाढते. एका पूर्ण कंपनात तार दोन टोकांस जाते. म्हणून तिचा ताण एका कंपनात दोनदा वाढतो आणि चामडे दोनदा ओढले जाते. परिणामी मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेचा, म्हणजे वरच्या सप्तकातील षड्जाचा अंश या वाद्याच्या नादात विशेष ठळक होतो.

दुसरे असे, की जोराने छेडल्यास आरंभी तारेचा सरासरी ताणच वाढलेला असतो. त्यामुळे स्वर प्रथम किंचित चढा उमटतो आणि कंप लहान होत जातात तसा मूळ जागी उतरतो. वरचा षड्ज, हा क्षणिक उतार आणि नादाचे चटकन विरणे, या तिहींच्या योगाने जो ध्वनी होतो, त्याचेच अनुकरण ‘तुणतुणे’ या नावात आहे. तंबोऱ्याचा नाद रेंगाळतो व पुढच्या आघातात मिसळतो. तुणतुण्याचा नाद तुटतो. म्हणून तंबोरा केवळ स्वर देतो, तर तुणतुणे स्वर आणि लय ही दोन्ही एकदम देते. मोकळ्या माळावर, डफाच्या किंवा ढोलकीच्या कल्लोळात, खर्जाचा रेंगाळणारा नाद ऐकू येणे कठीण. वरच्या सप्तकातील तुटक टणत्कार मात्र गायकाच्या कानापर्यंत पोचतो. गरिबीतून निर्माण झालेली ही रचना तिच्या कार्यास चांगलीच अनुरूप आहे.

या वाद्यातून गाण्याची सुरावट मात्र मुळीच निघत नाही. ती सर्वस्वी गळ्यावर सोपविलेली असते. या गोष्टीचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

४. पेटीवरची सुरावट : बेंजो

ज्या डबावाद्यातून सुरावट निघते, असे वाद्य या प्रदेशात विसाव्या शतकात आले. ते म्हणजे बुलबुलतरंग, ज्यास पश्चिम महाराष्ट्रात सर्रास ‘बेंजो’ म्हणतात. अमेरिकन बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. त्याचे मूळ जपानी आहे. नागोया येथील मोरिता गोरो यांनी १९१२ साली घडविलेले ताइशोगोतो हे त्याचे पूर्वरूप होय. एक लांबट, चपटी लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टंकलेखनयंत्रासारख्या कळा, अशी त्याची रचना असते. कळ दाबली की तिच्याखालील पट्टी तारेला विशिष्ट ठिकाणी अडवते व तार तेवढी आखूड होते. काही तारा कळांपासून मुक्त राहून षड्जाची साथ करतात. म्हणजे एका अर्थाने या पेटीत एक तुणतुणे अंतर्भूतच आहे.

कळांची स्थाने समान अंतराच्या बारा श्रुत्यंतरांनुसार ठरतात. प्रत्येक पायरीस तारेच्या उरलेल्या लांबीचा सुमारे १७.८ वा भाग कमी करावयाचा, असा नियम आहे. बारा पायऱ्यांनंतर तार बरोबर निम्मी होते. घरी डब्यावर गिटार करू पाहणाऱ्यासही हाच नियम पाळावा लागतो. तारेची लांबी ५० सेंटिमीटर असल्यास पहिला पडदा २.८ सेंटिमीटरवर, पंचमाचा १६.६ सेंटिमीटरवर आणि वरच्या षड्जाचा २५ सेंटिमीटरवर येतो. शुद्ध पंचम १६.७ सेंटिमीटरच्या अगदी जवळ असल्याने तेथे कानाला फरक भासत नाही. गांधाराचे तसे नाही. शुद्ध गांधार १० सेंटिमीटरवर हवा, पण समान विभागणीचा पडदा १०.३ वर पडतो. हे तीन मिलिमीटरचे अंतर तंबोऱ्यात निनादणाऱ्या स्वयंभू गांधाराची सवय झालेल्या कानाला खटकते. शिवाय कळ ही एक तर दाबलेली असते किंवा नसते. दोन स्वरांमधील मींड तिच्यातून काढणे जवळजवळ अशक्य असते.

तेव्हा बेंजोवर एखादे गाणे वाजविले जाते, त्या वेळी त्यातील मींड, कंपन, श्वास, शब्द ही सर्व गळून पडतात. स्वरांचा क्रम आणि लय एवढेच उरते. आश्चर्य हे, की तरीही श्रोता गाणे ओळखतो. लग्नाच्या वरातीत किंवा गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो, ढोल व ताशा यांच्या संचाने चित्रपटातील नवे गाणे धरले की दोन-चार स्वरांतच गर्दीला त्याची ओळख पटते. हे जे दोन-चार स्वरांत ओळखू येते, त्यालाच मराठीत ‘चाल’ म्हणतात.

५. ‘चाल’ ही संकल्पना

‘चाल’ हा शब्द मराठी वाङ्मयव्यवहारात पारिभाषिक आहे. छापील पदांच्या मथळ्याखाली परिचित गाण्याचा उल्लेख करून ‘चाल :’ असे लिहिण्याची पद्धत जुनी आहे. वाचकास स्वरलेखन येत नाही, परंतु ते परिचित गाणे येते. त्यावरून नवे पद गाता येते. सांगलीनजीकच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकातील पदेही अशाच चालींवर रचलेली आहेत. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) पासून ही प्रथा रंगभूमीवर प्रस्थापित होती. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे, जे जे कानी पडे त्याची चाल नाटककारास उपयोगी पडे. त्या काळी यास कोणी चौर्य म्हटले नाही. नवी रचना जुन्या चालीवर बसविणे हे कौशल्याचे काम समजले जाई.

हे कौशल्य कोणते, ते छंदःशास्त्राच्या साहाय्याने सांगता येते. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याचे वृत्त, जाति व छंद असे विभाग केले. अभंग व ओवी यांसारख्या छंदांत अक्षरांची संख्या महत्त्वाची. अक्षर लांबवावे तसे लांबते, म्हणून एकच अभंग अनेक चालींवर बसतो. जातिरचनेत मात्र मात्रांचे आवर्तन ठरलेले असते. लावणीत वारंवार आढळणारे आठ मात्रांचे आवर्तन घेतले, तर नव्या शब्दांनी प्रत्येक आवर्तनात आठच मात्रा भरल्या पाहिजेत, आघाताच्या जागी अर्थवाही अक्षर आले पाहिजे, आणि धृपदाच्या शेवटी झीलकऱ्यास उचलता येईल असा स्वरान्त शब्द असला पाहिजे. हे न साधल्यास चाल उसनी घेऊनही गाणे लंगडते.

येथे वाद्याचा व चालीचा संबंध स्पष्ट होतो. तुणतुणे गायकास केवळ षड्ज व लय देते. सुरावट स्मरणातून आणावी लागते. स्वरलेखन नाही, तालीम देणारा संगीतकार नाही, तालमीस वेळ नाही. अशा स्थितीत गायक, झीलकरी आणि श्रोते यांच्या स्मरणात आधीपासून वसलेली सुरावटच कामी येते. म्हणजे उसनी चाल ही कल्पकतेच्या अभावाची खूण नसून साधनांच्या मर्यादेतून निघालेली रीत आहे. ज्या गाण्याला भरगच्च वाद्यमेळ हवा, ते डब्यावर तग धरीत नाही. जे एका तारेवर उभे राहते, तेच खेडोपाडी पोचते. चाल म्हणजे गाण्याचा तो भाग, जो वाद्य कितीही गरीब झाले तरी शिल्लक राहतो, अशी तिची व्याख्या केल्यास ती वस्तुस्थितीस धरून होईल.

६. सातारा–सांगलीतील चालींचा प्रवास

या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करणे इतिहासास धरूनच आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीचा वाळवे, तासगाव, खानापूर हा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडे.

वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूराव यांचे गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) या ब्राह्मण तरुणाने वतन व जात यांची तमा न बाळगता तमाशाचा फड जवळ केला आणि असंख्य लावण्या रचल्या. या लावण्यांच्या चाली पुढे इतरांच्या उपयोगी पडल्या. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली पुण्यास झाली असली, तरी त्याचे जलसे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा जिल्ह्यातील खेड्यांत विशेष फोफावले. या जलशांनी तमाशाचा गण, गवळण, वग हा सांगाडा तसाच ठेवला, ढोलकी व तुणतुणे तीच ठेवली, परिचित चालीही ठेवल्या. बदलले ते शब्द. शृंगाराच्या जागी सावकारी, अंधश्रद्धा व शिक्षणाचा प्रश्न आला. श्रोता ओळखीच्या चालीमुळे जवळ येई आणि अनोळखी विचार ऐकून जाई. आंबेडकरी जलशांनीही हाच मार्ग चोखाळला.

१९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात प्रतिसरकार उभे राहिले व ते १९४६ पर्यंत टिकले. भूमिगत चळवळीत छापखाना जप्त होऊ शकतो, सभेवर बंदी येऊ शकते; डफ व तुणतुणे मात्र घोंगडीत गुंडाळून एका गावाहून दुसऱ्या गावास नेता येते. शाहीर निकम यांच्यासारख्या शाहिरांचे पोवाडे या चळवळीच्या स्मृतीचा भाग झाले आहेत. पोवाड्याची चालही तशी ‘उसनीच’ असते. तिचा ठसा शतकानुशतकांचा आणि म्हणूनच तिला आरंभालाच श्रोत्यांची मान्यता असते.

वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे गाव याच वाळवे तालुक्यात आहे. तरुणपणी नातलगांच्या तमाशाच्या फडात वावरलेल्या अण्णा भाऊंनी १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह मुंबईत लाल बावटा कलापथक उभारले. त्यांनी लावणीला गिरणगाव दाखविले आणि छक्कड या रचनाप्रकारात विरहाच्या वेदनेतून सीमाभागाची व्यथा मांडली. त्यांच्या रचनेत आशय नवा असूनही गाण्याची बैठक तमाशाचीच राहिली. कृष्णाकाठच्या श्रोत्यास तीत आपलाच सूर ऐकू आला.

चालींचा ओघ एकाच दिशेने वाहिला असे नाही. मराठी चित्रपटांनी तमाशातील लावणीच्या चाली व ढोलकीचे बाज उचलले, आणि तमाशाने चित्रपटातील गाणी आपल्या बोर्डावर आणली. मिरज तालुक्यातील कवलापूरचे काळू-बाळू यांच्यासारखे फड वगासाठी गाजले. परंतु तमाशाच्या सर्वसाधारण कार्यक्रमात रंगबाजीचा भाग हळूहळू चित्रपटगीतांनी व्यापला, हेही खरे. ज्या चालीचा जन्म फडात झाला, ती चित्रपटातून फिरून फडात आली, तेव्हा तिचा मूळ धनी कोण हे ठरविणे दुर्घट होऊन बसले.

७. कायद्याची दृष्टी

हा मालकीचा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. भारताचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा, आणि त्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती, यांनी गाण्याच्या पुनर्मुद्रणासंबंधी स्पष्ट नियम घातले आहेत. मूळ ध्वनिमुद्रणास पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, पूर्वसूचना व मानधन देऊन, तेच गाणे दुसऱ्यास ध्वनिमुद्रित करता येते. मात्र गाण्याच्या शब्दांत वा स्वररचनेत अनावश्यक बदल करावयाचा नाही, अशी अट आहे. दुसऱ्या एका कलमाने धार्मिक समारंभातील सादरीकरणास सूट दिली असून त्यात लग्नाची वरात व विवाहसंबद्ध समारंभ यांचा स्पष्ट समावेश केला आहे. बेंजोच्या संचास त्यामुळे वरातीत संरक्षण मिळते.

या तरतुदींतील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. कायदा हुबेहूब अनुकरणास वाट देतो; जुन्या चालीवर नवे शब्द बसविण्यास मात्र ती वाट देत नाही. जलसाकार, नाटककार आणि शाहीर यांनी जे केले, ते हे दुसरे काम होते. परंपरेत ज्याचा मान अधिक, त्यालाच कायद्यात जागा कमी, असा हा उलटा न्याय झाला आहे. ध्वनिफितींच्या प्रसाराच्या काळात उत्तर भारतात लोकप्रिय चालींवर नवे शब्द बसविलेल्या गाण्यांचे पेव फुटले होते. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेतली आहे. महाराष्ट्रातील चालींच्या इतिहासाचा तसा सांगोपांग अभ्यास होणे अगत्याचे आहे. संगीतकाराच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु ज्या लोकपरंपरेतून त्या संगीतकारानेच चाल उचललेली असते, तिच्या वतीने दाद मागणारा कोणी नसतो, हेही तितकेच खरे.

८. उपसंहार

सारांश, डबावाद्य आणि उसनी चाल ही एकाच परिस्थितीची दोन अंगे आहेत. तुणतुण्याने सुरावट गळ्यावर व स्मरणावर सोपविली. स्मरणाने परिचित चाली पुरविल्या. परिचित चालींनी नवा विचार लोकांपर्यंत नेला. बेंजोने त्याच चालींना शब्दांवाचून चालविले. दोहोंत एक गोष्ट समान राहिली. दुसऱ्याचे गाणे येथल्या कोणाला तरी स्वतः शिकून, स्वतःच्या हाताने वा गळ्याने पुन्हा उभे करावे लागे.

हीच गोष्ट आज धोक्यात आहे. मिरवणुकांत बेंजोची जागा ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनी घेतली. या भागात ज्यास ‘डॉल्बी’ म्हणतात, त्या यंत्रणेस गाणे शिकावे लागत नाही. ती मूळ ध्वनिमुद्रणच वाजविते. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. त्या मर्यादेचा भंग होतो की नाही, हा शासनाचा विषय आहे. अभ्यासकाचा विषय निराळा आहे. पूर्वी एका नव्या गाण्यासाठी गावातील चार-सहा तरुण कळांवर बोटे बसवीत, चूक दुरुस्त करीत, सुरावट पाठ करीत. ते शिक्षण कोणत्याही विद्यालयात नोंदले गेले नाही. डॉल्बीमुळे आवाज वाढला. शिकणाऱ्यांचे हे वर्ग मात्र बंद पडत गेले.

विद्यापीठीय अभ्यासाने या बाबतीत तीन कामे हाती घेणे उचित ठरेल. पहिले, तुणतुणे, चौंडके व बेंजो यांच्या उपलब्ध नमुन्यांची मोजमापे, साहित्य, ताण व नादविश्लेषण यांची पद्धतशीर नोंद. दुसरे, जलशांच्या व लावण्यांच्या जीर्ण पुस्तिकांतील ‘चाल’ या ओळींची सूची. तीवरून कोणते गाणे कोणत्या गाण्यातून निघाले याचा वंशवृक्ष उभा करता येईल. तिसरे, या चाली ज्यांना अद्याप मुखोद्गत आहेत अशा वृद्ध झीलकऱ्यांचे व शाहिरांचे ध्वनिमुद्रण. छापील पुस्तिकेत चालीचे केवळ नाव असते. ते नाव ज्या गाण्याचे, ते गाणेच विस्मरणात गेले की नवे पदही मुके होते. पहिली दोन कामे काही वर्षे थांबू शकतील. तिसरे थांबणार नाही.

मिरजेचा तंबोरा ज्यांनी घडविला त्यांचा गौरव झाला, हे योग्यच झाले. त्याच कृष्णाकाठी, त्याच काळात, डब्यावर तार चढवून ज्यांनी गावोगावच्या श्रोत्यांना हसविले, रडविले आणि विचार करावयास लावले, त्यांच्या वाद्याची किमान नोंद होणे हे न्यायाचे ठरेल. एकाच स्वरावर वाजणारे ते वाद्य लोकांनी इतकी वर्षे कान देऊन ऐकले. कारण त्या एका स्वराच्या आधाराने प्रत्येक वेळी नवे काही सांगितले जात होते.